पहिला मुक्काम
(सुवर्णमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या ५० वर्षांच्या वाटचालीचा गौरव यापूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केला आहे. मंदिर, पाठशाळा, ग्रंथालय यांचा आढावाही झाला. आजच्या भाषणाचा विषय त्या मानाने लहान वाटेल. आपल्या भागातील माणूस आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या शहरात जातो, तेव्हा त्याने पहिल्या रात्री पाठ कोठे टेकावी, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्याच्यावर ती रात्र येते, त्याच्या दृष्टीने या प्रश्नाहून मोठा प्रश्न त्या दिवशी दुसरा नसतो.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा अशी स्थानके घेत सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. त्या गाडीतून नवखे प्रवासी उतरतात, त्यांच्यात तीन प्रकारची माणसे प्रामुख्याने आढळतात. एकाच्या हाती प्रमाणपत्रांची पिशवी असते. तो शिक्षणासाठी किंवा मुलाखतीसाठी आलेला असतो. दुसऱ्याच्या खिशात मालाची यादी असते. तो खरेदीला आलेला असतो. तिसऱ्याच्या हाती रुग्णालयाची फाईल असते आणि त्याच्या शेजारी शाल पांघरलेले, थकलेले कोणीतरी उभे असते. तिघांचाही प्रश्न एकच असतो, 'आता जायचे कोठे?' उत्तर मात्र तिघांचे वेगवेगळे असावे लागते.

हा प्रश्न आपल्या धर्मपरंपरेला नवा नाही. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात 'शय्यैषणा' नावाचे एक संपूर्ण अध्ययन आहे. शय्या म्हणजे वसतीची जागा आणि एषणा म्हणजे शोध. साधूने मुक्कामाची जागा कशी पारखावी, याचा तेथे सूक्ष्म विचार केलेला आहे. जागा निर्जंतुक आहे का, ती साधूंसाठीच मुद्दाम बांधलेली तर नाही ना, तेथे गृहस्थांचा संसार, त्यांची भांडणे, त्यांचे दिवे आणि अग्नी यांचा सहवास घडून चित्त विचलित होणार नाही ना, असे प्रश्न तेथे उपस्थित केले आहेत. घर सोडून निघालेल्या साधूलासुद्धा 'मिळेल तेथे राहा' असे सांगितलेले नाही. मग संसारी माणसाने तरी मुक्कामाची निवड बेफिकिरीने का करावी?

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याचे, म्हणजे सेवेचे, चार प्रकार सांगितले आहेत. आहार, औषध, उपकरण आणि आवास. आहारदानाची आणि औषधदानाची महती आपण नेहमी ऐकतो. चौथ्या आवासदानाचा उच्चार मात्र क्वचितच होतो. आचार्यांनी हे मुख्यतः तपस्वी साधूंना उद्देशून सांगितले, हे खरे. तथापि श्रावकांनी पुढे ज्या धर्मशाळा आणि जी वसतिगृहे बांधली, त्यांच्यामागे हाच संस्कार होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या संस्काराचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे जव्हेरी सेठ माणिकचंद हिराचंद. १८५१ मध्ये सुरतेस जन्मलेल्या या गृहस्थाने मोत्यांच्या आणि जवाहिराच्या व्यापारात संपत्ती मिळवली आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ती समाजासाठी मुक्तहस्ते वापरली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी मुंबईत सी. पी. टँक परिसरात 'हिराबाग' ही धर्मशाळा उभी केली आणि विद्यार्थ्यांसाठी वडिलांच्या नावे 'हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग' काढले. त्यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम स्थापन केला. बाहेरगावच्या मुलाला राहण्याची जागा लागते, तशी ती निराधार स्त्रीलाही लागते, हे त्या काळी ओळखणारे डोळे थोडे होते.

हिराबागेची जागा पाहिली म्हणजे त्यामागील व्यवहारज्ञान ध्यानात येते. काळबादेवी, मुळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट ही कापडाची बाजारपेठ तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. मंदिरे जवळ आणि शाकाहारी भोजनाची सोयही जवळ. सातारा-सांगलीचा कापड व्यापारी दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या खरेदीला मुंबईस जाई, तेव्हा त्याचे सारे काम या एका परिसरात आटोपत असे. दिवसभर ताके पाहावेत, दलालाशी भाव ठरवावा, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे आणि धर्मशाळेत येऊन पडावे, असा तो क्रम असे. आडत्याची पेढी हाही मुक्कामाचा एक मार्ग होता. दिवसा जिच्यावर सौदे होत, त्याच गादीवर रात्री बाहेरगावचा व्यापारी झोपत असे. त्या एका रात्रीत नवख्या मुलाला बाजाराचे जेवढे ज्ञान होई, तेवढे महिनाभर फिरूनही होत नसे. कोणाचा माल खरा, कोणाची उधारी जड आणि कोणाच्या शब्दाला किंमत, हे मुनीमजींच्या बोलण्यातून कळे.

सर्वांनाच पेढी किंवा धर्मशाळा लाभत नव्हती. सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे गिरणीकामासाठी मुंबईस गेली. एका गावची माणसे मिळून चाळीत एक खोली घेत, पाळीप्रमाणे एकाने उठावे आणि त्याच जागी दुसऱ्याने झोपावे, असे दिवस त्यांनी काढले. जेवण खानावळीत. त्या खोलीत ऐसपैस जागा नव्हती, परंतु गावचा नवा मुलगा आला तर त्याला बाहेर ठेवले जात नसे. गरीब माणसांनी आपसांत चालवलेली ती धर्मशाळाच होती. तिला देणगीदाराच्या नावाची पाटी नव्हती, एवढाच काय तो फरक.

मुक्कामाची निवड चुकली तर काय होते आणि ती सुधारता कशी येते, याचे एक सुंदर उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले. परदेशी पाठवण्यास आई राजी नव्हती. तेव्हा मोढ वणिक ज्ञातीतून जैन साधू झालेले बेचरजी स्वामी यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना दिली आणि मगच आईने संमती दिली. अशी प्रतिज्ञा घेऊन आलेला हा तरुण लंडनमध्ये प्रथम उतरला तो व्हिक्टोरिया हॉटेलात. तेथील एकही पदार्थ त्यांना रुचला नाही. एक नको म्हणून दुसरा मागवावा, तर दाम दोहोंचे द्यावे लागत. बिल ३ पौंडांचे झाले आणि एवढे पैसे देऊनही ते जवळपास उपाशीच होते. पुढे ते भाड्याच्या खोलीत गेले. ज्यांच्या नावे त्यांनी ओळखपत्र आणले होते ते डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस आले, तेव्हा त्यांना तीही जागा पसंत पडली नाही. विलायतेतील राहणी शिकायची तर एखाद्या कुटुंबात राहिले पाहिजे, असा सल्ला त्यांनी दिला आणि प्रथम एका मित्राकडे त्यांची व्यवस्था लावली.

या प्रसंगातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, महाग जागा ही आपल्यासाठी योग्य जागा असतेच असे नाही. दुसरी अशी की, आपला नियम सांभाळायचा असेल तर तो जेथे सांभाळला जाईल अशी जागा आधी शोधावी लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या तरुणाजवळ एका जाणत्या माणसाच्या नावे चिठ्ठी होती. त्याच डॉ. मेहतांच्या ओळखीने १८९१ मध्ये मुंबईस परतल्यावर गांधीजींची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली, आणि त्या भेटीचा त्यांच्या जीवनावर किती खोल ठसा उमटला, हे सर्वांना ठाऊक आहे. चांगल्या मुक्कामाच्या शोधात चांगली माणसे भेटतात, ती अशी.

आता आपल्याच भूमीतील एक कथा. ती सांगताना थोडे अंतर्मुख व्हावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक हे त्यांच्या घराण्याचे गाव. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून त्या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभाही त्याच मार्गाने चालली होती. भाऊराव जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. पुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधील त्यांची जागा गेली. समाजाच्या छपराखालून बाहेर पडलेल्या या मुलाला आश्रय मिळाला तो शाहू महाराजांकडे.

हा प्रसंग कोणास दोष देण्यासाठी येथे सांगितलेला नाही. त्या काळच्या रूढी त्या काळच्या होत्या. परंतु रात्री डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे ज्याने विद्यार्थिदशेत अनुभवले, त्याने पुढे काय केले ते पाहावे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिले. पाटण-जावळीच्या डोंगरातून आलेल्या मुलाला सातारा हेच मोठे शहर होते आणि त्या शहरातील त्याचा पहिला मुक्काम हे बोर्डिंग होते. तो मुक्काम नसता तर शाळाही नसती. वसतिगृह आधी आणि विद्यालय नंतर, हा कर्मवीरांचा क्रम फार विचारपूर्वक ठरलेला होता.

तिसऱ्या प्रवाशाकडे, म्हणजे फाईल घेऊन उतरलेल्या माणसाकडे, आता वळले पाहिजे. परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये आणि टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून आपल्या भागातील अवघड दुखण्यांची वाट परळकडे जाते. एका दिवसाचे काम समजून आलेल्या कुटुंबाला तपासणी, अहवाल, पुन्हा तपासणी यांत आठवडा लागतो. उपचार सुरू झाले तर महिने लागतात. त्या परिसरातील पदपथांवर पथारी टाकून राहणारी रुग्णांची कुटुंबे ज्याने पाहिली, त्याला आवासदानाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. संत गाडगे महाराजांनी तो अर्थ फार पूर्वी ओळखला होता. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्याच, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आधार देत आली आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र या सत्पुरुषाने एकही खोली राखली नाही.

आता थोडा व्यवहार पाहू. जागा निवडताना बहुतेक जण भाड्याचा आकडा पाहतात. परंतु भाडे हा खर्चाचा केवळ एक रकाना आहे. समजा, रुग्णालयाजवळील खोली दिवसाला ८०० रुपये आणि दूरच्या उपनगरातील खोली ५०० रुपये. दहा दिवसांत ३,००० रुपये वाचले, असे वाटते. पण रुग्णाला लोकलची गर्दी सोसत नाही, म्हणून रोज टॅक्सीचे ६०० रुपये पडले, तर दहा दिवसांचे ६,००० होतात. वाचले ३,००० आणि गेले ६,०००. शिवाय रुग्णाचे हाल आणि पहाटे नंबर लावण्यासाठी मोडलेली झोप यांचा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. म्हणून पहिला नियम असा की, मुक्काम कामाच्या जवळ असावा; स्थानकाच्या जवळ असण्याला दुय्यम महत्त्व द्यावे.

दुसरा नियम, निघण्यापूर्वी जागा निश्चित करावी. कित्येक धर्मशाळांत दिवसांची मर्यादा असते, रात्री दरवाजा ठराविक वेळी बंद होतो, ओळखपत्राशिवाय नोंद होत नाही आणि रुग्णांसाठीच्या जागांना रुग्णालयाचे पत्र लागते. हे सारे दूरध्वनीवरून आधी विचारता येते. तिसरा नियम आजच्या काळाचा आहे. संगणकावर आणि मोबाईलवर धर्मशाळांच्या नावाने खोटे क्रमांक देऊन आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. ओळखीच्या संस्थेकडून क्रमांक पडताळल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. चौथा नियम आहाराचा. उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळाविना स्वयंपाक यांची सोय कोठे आहे, हे आधी समजले तर व्रतही राहते आणि प्रकृतीही राहते. पाचवा नियम मुलींच्या पालकांसाठी. पुण्या-मुंबईस शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलीची जागा आई-वडिलांनी एकदा स्वतः जाऊन पाहावी. पाहावी ती मात्र तिला सोबत घेऊन आणि अंतिम पसंती तिची असू द्यावी. तेथे राहायचे तिला आहे.

नातेवाइकांचे घर हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो आणि पुष्कळदा तोच सर्वांत अवघड ठरतो. मुंबईचे घर म्हणजे दोन खोल्या. तेथे आपण गेलो की मुलांचा अभ्यास जिन्यात जातो आणि घरची सून पहाटे चारला उठते. कोणी बोलून दाखवत नाही. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी शंका घेणारी म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. नातेवाइकांना भेटावे, त्यांचा सल्ला घ्यावा, एखाद्या वेळी जेवावे. मुक्काम शक्यतो अन्यत्र ठेवावा. नाती त्यामुळे टिकतात.

येथेही शास्त्राने वाट दाखवली आहे. साधूला राहण्यास जागा देणाऱ्या गृहस्थाला श्वेतांबर आगमात 'शय्यातर' म्हणतात आणि त्या शय्यातराच्या घरचा आहार साधू घेत नाहीत. जागा दिली की भोजनाचाही भार येतो, असे झाले तर उद्या जागा देण्यास कोणी पुढे येणार नाही, हा त्यामागील एक विचार आहे. ज्याने आसरा दिला त्याच्यावर दुसरे ओझे टाकू नये, इतका नाजूक विवेक आपल्या परंपरेत आहे. धर्मशाळेत उतरणाऱ्याने तो ध्यानी ठेवावा. मुदत संपली की खोली सोडावी, नळ आणि दिवा बंद करावा, केर काढून किल्ली परत द्यावी, आणि ऐपत असेल त्याने ठरलेल्या आकारापेक्षा चार रुपये अधिक ठेवून निघावे. आपल्यानंतर येणाऱ्याची ती सोय असते.

आता विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती. सुवर्णमहोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून काय उभारावे, याची चर्चा सुरू आहे. सभागृहाची शोभा वाढवावी, असाही एक विचार आहे. शोभेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. तथापि दोन कामे त्याआधी व्हावीत. पहिले काम जवळजवळ बिनखर्चाचे आहे. मुंबई, पुणे, बंगळूर या शहरांतील धर्मशाळा, भोजनशाळा आणि वसतिगृहे यांची खात्रीशीर सूची तयार करावी, दर सहा महिन्यांनी ती पडताळावी आणि त्या त्या शहरात आपल्या भागातील जी मंडळी मदतीस तयार आहेत, त्यांची नावे त्यांच्या संमतीने कार्यालयात ठेवावीत. गांधीजींच्या खिशात जी चिठ्ठी होती, तशी चिठ्ठी आपल्या प्रत्येक नवख्या प्रवाशाच्या खिशात असावी.

दुसरे काम खर्चाचे आहे. मोठे शहर म्हणजे दर वेळी मुंबईच असे नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि त्या परंपरेने मिरज हे दूरदूरच्या रुग्णांचे गाव झाले. जत, अथणी, विजापूरकडचा माणूस पहिल्यांदा सांगली-मिरजेत उतरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांतही 'आता जायचे कोठे?' हाच प्रश्न असतो. त्याच्यासाठी दोन-चार स्वच्छ खोल्या आपण बांधू शकत नाही काय? आणि त्या बांधल्या तर दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्याची जात विचारू नये. नियम विचारावेत: मद्य-मांस वर्ज्य, स्वच्छता आवश्यक, मुदत ठरलेली. जो नियम पाळील तो राहील. कर्मवीरांना एका रात्री बाहेर पडावे लागले, त्या ऋणाची फेड याहून चांगल्या रीतीने करता येणार नाही.

मंदिरात पाऊल टाकताना आपण 'निःसही' म्हणतो. बाहेरचे व्याप बाहेर ठेवून, तेथे आधीपासून असलेल्यांची अनुज्ञा घेऊन आत येण्याचा तो शब्द आहे. परक्या गावी, परक्या दारात उभा असलेला माणूसही मनातून तेच म्हणत असतो. त्याला 'या, आत या' असे उत्तर मिळावे, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षाची खरी सांगता ठरो.

जय जिनेंद्र!